खुंटीवरची माळ

माझ्या सासऱ्यांना शाकाहारी मी केलं. गावात विचारलंत तर लोक डॉक्टरांचं नाव सांगतील, देवळातले महाराज विठोबाचं सांगतील, आणि आमचे हे तर अजून म्हणतात की आबांना शेवटी सुबुद्धी झाली. तिघांनाही काही माहीत नाही. ज्या माणसाच्या ताटात बुधवारी आणि रविवारी मटण पडलं नाही की घरातली भांडी अंगणात जायची, त्या माणसाला मी दुधीभोपळ्यावर आणलं. कसं आणलं ते सांगते. पश्चात्ताप झालाय म्हणून सांगत नाही. तसं काही झालेलं नाही.

माझं माहेर भाटघरचं. शेत धरणाच्या कडेला आणि घर माळकऱ्यांचं. आमच्याकडे पोर नीट चालायला लागलं की त्याच्या गळ्यात तुळशीची माळ पडायची, मग मुलगा असो की मुलगी. मटण-मासळीला आमच्या भागात वशाट म्हणतात, पण आमच्या घरात तो शब्दसुद्धा कुणी उच्चारत नसे. 'तसलं' म्हणायचे. धरणातल्या माशांच्या पाट्या दारावरून जायच्या तेव्हा आई उंबऱ्यावर पाणी शिंपडायची आणि आम्हाला आत घ्यायची. माझी माळ दुपदरी होती. दरवर्षी आषाढात आई तिचा दोरा बदलायची आणि मणी एकेक करून पुन्हा ओवायची. एकही मणी इतक्या वर्षांत हरवला नव्हता, याचा तिला भारी अभिमान होता.

मला दिली पालीला, राजगडाच्या पायथ्याशी. खाणारं घर आहे हे वडिलांना माहीत होतं, पण जमीन बरी होती, मुलगा सरळ होता, आणि बैठकीत सासरे स्वतःच म्हणाले, "तुमची पोर माळंवाली हाय, आमाला काय अडचण न्हाई. तिनं खाऊ नये. निस्तं करावं." वडिलांना हे फार उदार वाटलं. घरी येऊन त्यांनी आईला दोनदा सांगितलं की माणूस मोठ्या मनाचा आहे. निस्तं करावं म्हणजे काय करावं, हे दोघांनाही सुचलं नाही. मला सुचलं होतं, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

लग्नानंतरच्या पहिल्याच बुधवारी मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मटणाची पिशवी माझ्यापुढे ठेवली. मी म्हणाले, "मामा, माझ्या गळ्यात माळ आहे. मला शिवता येत नाही." मला वाटलं ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांना राग आला की आवाज खाली जायचा, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"मग काड माळ," ते म्हणाले.

मी तशीच उभी राहिले. मला वाटलं, ते पुढे होऊन ओढतील. ओढली असती तर बरं झालं असतं. पण ते चुलीपाशी पाटावर बसले होते ते तिथूनच म्हणाले, "तुज्या हातानं काड. म्या काडली तर पाप मला लागंल."

सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, परातीत पीठ मळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मी डोक्यावरून माळ काढली. चुलीच्या वरच्या अंगाला भिंतीत एक लाकडी खुंटी होती, तिच्यावर झारा आणि फडकी टांगलेली असायची. मामांनी बोटाने ती दाखवली. "तितं ऱ्हाऊ दे. कुटं पळून जातीय का?"

ती खरंच कुठे पळून गेली नाही. वर्षानुवर्षं मी त्या खुंटीखाली मटण शिजवलं आणि त्याची वाफ माळेला लागत राहिली. आधी मणी पिवळट होते, मग तपकिरी झाले, मग काजळी धरून इतके काळे पडले की नवीन आलेल्या माणसाला ते मिरे वाटले असते. माहेरी जाताना मी गळ्यात दुसरी, बाजारातली माळ घालायची. आईने ती एकदा बोटांत धरून बघितली आणि सोडून दिली. काही विचारलं नाही. मला वाटतं, मी आयुष्यात खाल्लेला सगळ्यात मोठा मार तो होता.

सुरुवातीला मी चव न बघता शिजवायची. मीठ अंदाजाने, तिखट रंगावरून, आणि शिजलं की नाही ते वासावरून. हात बसत चालला होता. पण एकदा घरी पाव्हणे होते आणि मीठ जास्त झालं. मामांनी मला पडवीत बोलावलं. ताटं मांडलेली, सात-आठ पुरुष बसलेले. त्यांनी पातेल्यातून पळी भरली आणि माझ्या तोंडासमोर धरली.

"चव बघ."

मी मान फिरवली.

"बघितल्याबिगर आत जायचं न्हाई. आमी खारट खायाचं आन तू सोवळ्यात ऱ्हायचं व्हय?"

पाव्हणे हसले. आमचे हे त्या पंक्तीतच बसले होते, त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तो नुसता हातात धरून ठेवला. मी पळी प्यायले. मग मागच्या दाराने गोठ्यात गेले आणि ओकले. म्हैस माझ्याकडे बघत होती, तेवढीच काय ती माझ्याकडे बघत होती.

दुसऱ्या वेळी ओकारी आली पण बाहेर पडली नाही. आणि त्यानंतर केव्हातरी, नक्की कधी ते मला सांगता येणार नाही, मला ते आवडलं. ही गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नव्हती. जबरदस्तीने खायला लागलं याचं दुःख सांगता येतं, लोक च्‌ च्‌ करतात. पण जबरदस्तीने खायला लावलेलं आवडायला लागलं, याचं काय करायचं? मी रस्सा भाकरीत कुस्करून खायला लागले. मग फोडी. मग एका रविवारी मामांनी स्वतःच्या ताटातली नळी, म्हणजे आत मगज असलेलं हाड, उचलून माझ्या ताटात टाकली आणि म्हणाले, "हां. आता आमची झालीस." त्या दिवसापासून दर वेळी ते माझ्यासाठी नळी बाजूला काढायला लावत. आत्याबाईंना कधी दिली नाही, मला दिली. त्यांचं माझ्यावर प्रेम होतं, असं गावात म्हणतात. असेलही. मी नळी चोखायची आणि खुंटीकडे पाठ करून बसायची.

पुढे आत्याबाई गेल्या. आमची पोरं शिकून पुण्याला कामाला लागली. गडावर येणारांची गर्दी वाढली तशी आम्ही घरावर पाटी लावली, घरगुती जेवण मिळेल. शुक्रवारी फोन यायचे, व्हेज किती, नॉनव्हेज किती. शनिवार-रविवार माझी चूल विझत नसे. पुण्याची पोरंपोरी गड उतरून यायची, अंगणात बसायची आणि गावठी कोंबडीच्या रश्श्यावर तुटून पडायची. मामा पडवीत खाटेवर बसून सगळ्यांना सांगायचे, "माज्या सुनंच्या हाताला लई चव हाय. माळंवाल्याची पोर हाय, पन बगा." हे सांगताना त्यांना फार मजा वाटायची.

अशाच एका रविवारी दुपारी त्यांना झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, तोंड थोडं वाकडं झालं. भोरच्या दवाखान्यात बरेच दिवस काढले. वाचा परत आली, काठी धरून चालायला लागले, हात मात्र तसाच लोंबता राहिला. सोडताना डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं. मटण बंद, अंडी बंद, तळलेलं बंद, मीठ नावाला. वरण-भात, दुधी, पालेभाज्या. मामांनी विचारलं, "किती दिस?" डॉक्टर कागदातून मान वर न काढता म्हणाले, "जगायचंय तितके दिवस."

घरी आल्यावर हे सगळं कोण पाळणार? आमचे हे म्हणाले, "बापाला न्हाई कसं म्हनू? मला न्हाई जमायचं." त्यांना आयुष्यात काहीच जमलेलं नाही, तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही. मी घरात मटण बंद केलं तर मामा काठी टेकत शेजारी जायला लागले. कधी पुतण्याकडे, कधी मागच्या आळीत. म्हातारं माणूस दारात आलं तर वाटीभर कालवण कोण नाही म्हणेल? त्यांच्या सदऱ्यावर रश्श्याचे डाग पडायचे आणि ते मला दाखवत फिरायचे. मी जिंकलो, असं त्या डागांत लिहिलेलं असायचं.

एका सकाळी चूल फुंकताना माझी नजर खुंटीवर गेली. तोपर्यंत ती मला दिसेनाशी झाली होती, इतकी सवयीची होती. आणि मला एकदम सुचलं. माळकऱ्याच्या तोंडात वशाट घालणं हे देणाऱ्याचंच पाप. हे पालीत सगळ्यांना पाठ आहे. जो उद्या कुणाचा बांध कोरेल तोही माळकऱ्यासमोर कोंबडी झाकून नेतो. मामांच्या गळ्यात माळ पडली की मला राखण करायला नको. सगळं गाव राखण करेल.

मी ह्यांना सांगितलं. हे इतके खुश झाले की मला त्यांची कीव आली. "पन आबा घालतील का?"

घातली. का घातली ते मला ठाऊक आहे. दवाखान्यात त्यांच्या शेजारच्या खाटेवरचा माणूस एका दुपारी बोलता बोलता गेला होता, आणि तेव्हापासून मामांना घाबरायला होत असे. ह्यांनी महाराजांना घरी बोलावून आणलं, आणि त्यांनी देवाचं नाव काढल्याबरोबर मामा रडायलाच लागले. "घालतो म्या. माज्या जिवाचं बरं व्हऊ द्या." महाराज म्हणाले, एकादशीला नवी माळ आणू. मी म्हणाले, नवी कशाला, घरात आहे.

खुंटीवरची माळ मी काढली. शिकेकाईच्या पाण्यात भिजवली, तर पाणी डांबरासारखं काळं झालं. पुन्हा भिजवली. नवा दोरा घेतला आणि आईने शिकवलं होतं तसे मणी एकेक करून ओवले. सगळे होते. मणी पहिल्यासारखे पिवळट झाले नाहीत, काळपटच राहिले, पण माळ माळेसारखी दिसायला लागली. दोरा मात्र मी जरा आखूड घेतला. गळ्याला नीट बसावी म्हणून.

देवळात तबकात ती माळ ठेवलेली बघून मामांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. त्यांनी ओळखली. मला शंका नाही. पण अवतीभवती सगळं गाव, टाळ वाजतायत, महाराज हात उचलून उभे. त्यांनी मान खाली घातली. महाराजांनी माळ गळ्यात घालून मागे दोऱ्याची गाठ मारली आणि लोकांनी गजर केला. घरी आल्यावर ते स्वयंपाकघराच्या दारात बसले आणि बराच वेळ भिंतीकडे बघत होते.

"खुटी मोकळी दिसती," ते म्हणाले.

"माळ कुठं पळून गेली नाही, मामा," मी म्हणाले. "घरातच आहे."

मग सुरू झालं आमचं शाकाहारी घर. म्हणजे त्यांचं. आम्ही खातच होतो, आणि शनिवार-रविवारी तर अंगणभर लोक खात होते. मामांना सकाळी नाचणीची आंबील, दुपारी मुगाचं वरण, भात, दुधी, संध्याकाळी घोसाळं नाहीतर चाकवत. मीठ नावाला. पहिल्या बुधवारी त्यांनी ताट सरकवलं. मी ते उचललं आणि झाकून ठेवलं. संध्याकाळी तेच पुढे ठेवलं. एकेकाळी भांडी अंगणात भिरकावणारा उजवा हात मांडीवर पडलेला होता आणि डाव्या हाताला तेवढा जोर नव्हता. त्यांनी खाल्लं.

ह्यांनी एकदा कापूरहोळच्या दुकानातून सोयाबीनच्या वड्या आणल्या. शहरातले लोक मटणासारख्या करून खातात म्हणे. मी मटणाचंच वाटण घालून केल्या. मामांच्या नाकाला वास गेला तशी ते सावरून बसले, डोळे चमकले. पहिला घास घेतला, चावला, चावतच राहिले. मग विचारलं, "ह्ये कंच्या जनावराचं हाय?" मी हसले. आत जाऊन पोट धरून हसले. त्यांनी पुन्हा कधी तो पदार्थ मागितला नाही.

गाव मी म्हटलं तसंच वागलं. मामा पुतण्याच्या दारात गेले की पातेल्यावर झाकण पडायचं आणि त्यांच्यापुढे गूळ-शेंगदाणे यायचे. "तुमी आता माळकरी झाला, आबा." भोरचे एक मुसलमान मटणवाले, मामांचे जन्माचे दोस्त, त्यांच्यासाठी नेहमी कलेजी बाजूला ठेवायचे. ते भेटायला आले तेव्हा हातात केळी होती. नेहमी मामांच्या खाटेवर मांडीला मांडी लावून बसणारा तो माणूस माळ बघून खाली सतरंजीवर बसला. मामा म्हणाले, "अरं वर ये की." ते म्हणाले, "न्हाई, असू दे. आमच्या अंगाला वास असतोय कायम. तुमाला आता चालायचं न्हाई." आदरानेच म्हणाले बिचारे. ते गेल्यावर मामांनी केळ्यांना हात लावला नाही.

एका रविवारी एका मुलीने, गड चढून लालबुंद झालेली चांगली मुलगी होती, आपल्या ताटातला कोंबडीचा तुकडा वाटीत घालून पडवीत नेला. "आजोबा, तुम्ही पण घ्या ना. मघापासून बघताय." मामांचा डावा हात पुढे झाला होता. मी परातीवरून उठले.

"अहो ताई, ते माळकरी आहेत."

मुलगी ओशाळली. वाटी खाली ठेवून तिने मामांच्या पायाला हात लावला. सॉरी आजोबा, मला माहीत नव्हतं. पंक्तीतल्या एकाने तर त्यांचा फोटो काढला, गळ्यातली माळ नीट दिसेल असा. मामा फोटोसाठी ताठ बसले. हात त्यांनी हळूच मागे घेतला होता. मी पुन्हा भाकरी थापायला बसले आणि त्या दिवशी माझ्या भाकऱ्या फार छान फुगल्या.

एकच गोष्ट त्यांना वाचवू शकली असती, ती अळंबी. आमच्याकडे पावसात वारुळांवर अळंबी उगवते, आणि तिचं कालवण खाताना डोळे मिटले तर मटण आणि अळंबी यांत फरक कळत नाही. आमचे हे रानातून टोपलीभर घेऊन आले. मामांनी पडवीतूनच ओळखलं. "आळंबी हाय का रं? ती तर रानातली. ती चालती." आवाजात इतकी आशा होती की ह्यांनी टोपली माझ्याकडे नेऊन दिली आणि म्हणाले, कर.

मी केली नाही. मी महाराजांना विचारायला गेले. काही माळकरी अळंबी खातात, काही खात नाहीत, हे मला माहेरापासून माहीत होतं. माझे वडील खायचे. महाराजांनाही नक्की सांगता येईना. म्हणाले, वनस्पतीच आहे ती, पण बघा. मी विचारलं, "महाराज, पण ज्याला ती खाताना मटणच आठवतं, त्याने?" ते म्हणाले, मन वशाट मागत असेल तर मग ते वशाटच. मी नमस्कार केला आणि घरी येऊन ते वाक्य मामांना शब्दन्‌शब्द सांगितलं. अळंबी आम्ही दोघांनी खाल्ली. त्यांना दुधी होता.

त्यानंतर ते मागायचे थांबले.

हे माझ्या हिशेबात नव्हतं. मला वाटलं होतं ते मरेपर्यंत मागतील आणि मी मरेपर्यंत नाही म्हणेन. पण ते उडदाचं घुटं चवीने भुरकायला लागले. चाकवताला ताक कमी पडलंय, असं सांगायला लागले. एकादशी कुणी न सांगता धरायला लागले, आणि संध्याकाळी देवळात भजनाला जाऊन बसायला लागले. टाळ वाजवायला उजवा हात नव्हता, तर डाव्या हाताने मांडीवर ठेका धरायचे. अंगणात पंक्ती बसल्या की खाट फिरवून गडाकडे तोंड करून बसायचे. मी एकदा मुद्दाम मटणाचं पातेलं त्यांच्या समोरून नेलं, झाकण उघडं ठेवून. ते म्हणाले, "सूनबाई, सांडंल. झाक."

मला त्यांचा इतका राग पूर्वी कधीच आला नव्हता, पळी तोंडाला लावली तेव्हासुद्धा नाही.

दुसरा झटका आला तेव्हा डॉक्टरांनी दाखल करून घेतलं नाही. ह्यांना बाजूला नेऊन म्हणाले, आता पथ्य नको, मागतील ते द्या. घरी आणून मामांना खाटेवर तक्क्याला टेकवून बसवलं. ह्यांनी रडत रडत विचारलं, "आबा, काय खावंसं वाटतंय?" मामा म्हणाले, "मटान."

हे भोरला गेले आणि त्याच दोस्ताच्या दुकानातून मटण आणलं. त्याने पैसे घेतले नाहीत म्हणे, हाडं निवडून दिली. मी वाटण पाट्यावर वाटलं. चुलीवरच शिजवलं. मीठ तोंडात घालून बघितलं, बरोबर होतं. खरं सांगते, त्या दिवसासारखं मटण मी आधी कधी केलं नाही आणि नंतरही जमलं नाही. भाकरी रश्श्यात कुस्करून मऊ केली, वर नळी ठेवली आणि ताट घेऊन मी पडवीत आले.

मामांनी तोंड उघडलं आणि मिटलं. डावा हात गळ्याशी गेला.

"माळ," ते म्हणाले.

माळ गळ्यात ठेवून खायचं नाही, एवढं त्यांचं नक्की झालं होतं. आयुष्यभर दुसऱ्याच्या माळेला हसलेला माणूस. त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. "काड रं." हे मागे सरले. म्हणाले, "आबा, माज्यानं न्हाई व्हायचं. महाराजांनी घातलीय," आणि डोळे पुसत अंगणात जाऊन उभे राहिले. मग मामांनी माझ्याकडे बघितलं.

"काड, पोरी."

ताट माझ्या हातात होतं आणि त्याची वाफ आमच्या दोघांच्या मध्ये होती. मी ते खाली ठेवलं. माझा आवाज चढला नाही.

"तुमच्या हाताने काढा, मामा. मी काढली तर पाप मला लागेल."

आठवलं त्यांना. तोंड वाकडं होतं तरी मला ते दिसलं. मग त्यांनी डावा हात उचलला आणि माळेत बोटं घातली. दोरा आखूड होता. एक पदर हनुवटीपर्यंत आला, तिथे अडला. पुन्हा ओढला. मणी गालात रुतत होते. खाली पडला हात. पुन्हा उचलला. मी बघत होते. कात्री आतल्या फळीवर होती, आणि दोरा माझाच होता.

तिसऱ्यांदा हात उचललाच नाही त्यांनी. डोळे मिटून पडून राहिले, मग म्हणाले, "मंग वरान आन."

मी वरण-भात कालवून आणला आणि माझ्या हाताने भरवला. चार घास खाल्ले. तोंड पुसलं. मग ताट घेऊन मी समोरच्या उंबऱ्यावर बसले आणि मटण खाल्लं. नळी दोन्ही हातांनी धरून चोखली. ते बघत होते. मला नळी आवडते हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

त्याच आठवड्यात ते गेले. आणि मग जे झालं ते मला सुचलंच नव्हतं. भजनी मंडळ आलं, कारण माळकरी गेला होता. टाळ-मृदंग आले, कपाळाला बुक्का लावला, तुळशीहार आले. पालीतून इतक्या मानाने कुणाला नेलेलं मी पाहिलं नव्हतं. उचलायच्या आधी मी ह्यांना बाजूला घेतलं आणि म्हणाले, "गळ्यातली माळ तेवढी काढून द्या. माझी आहे. आईने ओवलेली." हे म्हणाले, "येडी का खुळी तू? माळकऱ्याची माळ काडत्यात का? संगंच जाती." महाराजांनी ऐकलं आणि कौतुकाने मान हलवली. सुनेला किती ओढ आहे, असं त्यांना वाटलं असावं.

माझी माळ त्यांच्या गळ्यात जळाली. आधी त्यांनी माझ्या हाताने काढून घेतली होती, आता घेऊनच गेले. तेराव्याला महाराजांनी कीर्तनात त्यांचा दाखला दिला. एवढा खाणारा माणूस, पण एकदा माळ घातली ती घातली, शेवटच्या घटकेला समोर ताट आलं तरी हात लावला नाही. बायका डोळे पुसत होत्या. मीही पुसले.

भाटघरहून भाऊ आला होता. आई आता थकली आहे, तिला दिसत नाही फारसं, पण तिने चाचपडत एक नवी माळ ओवून पाठवली होती. म्हणे, आता सासरा नाही, आता तुला कोण अडवतंय? मी ती माळ कपाळाला लावली आणि गळ्यात घातली. मामांना जमलं, तर मी तर माळकऱ्याची पोर. दुधी केला, मुगाचं वरण केलं, घुटं केलं. ह्यांना म्हणाले, पंक्तीचं मी शिजवणार नाही, शेजारणीला बोलवा. सोमवार, मंगळवार नीट गेले. बुधवारी शेजारणीच्या घरून वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. अंगणात गेले, गडाकडे तोंड करून बसले. वास तिकडेही येत होता. भाकरीचा घास तोंडात फिरत राहिला, खाली उतरेना.

मी आत आले, माळ काढली आणि खुंटीला लावली. काढताना दोरा कुठे अडला नाही, आईने चांगला सैल ओवला होता. मग वाटी घेऊन शेजारणीकडे गेले आणि म्हणाले, बाई, जरा रस्सा घाल, आणि नळी असली तर बघ.